हे प्लगइन बंद करण्यात आलं आहे

३ फेब्रुवारी, मंगळवार

बारक्या,

तुझा फोन लागत नाही. म्हणजे लागत असेल, मला लागत नाही. शेजारच्या मावशींच्या फोनवरून केला तर चारदा वाजला, तू उचललास, मी "अरे, मी ताई" म्हणाले आणि कट. म्हणून हे पत्र. आईला तू जे लोकरी पायमोजे पाठवलेस त्या खोक्यावर धरणाच्या कंट्रोल रूमचा पत्ता होता, तोच उतरवलाय. पोचलं तर पोचलं.

ख्यालीखुशाली विचारायला लिहीत नाहीये. तुझा सर्व्हर बिघडलाय.

पेटी तशी चालू आहे. जिन्याखालच्या चपलांच्या कपाटात हिरवा दिवा लागलेला आहे, पंखा घरघरतोय, जुने फोटोसुद्धा दिसतात. पण आईची बटणं मुकी झालीत. काल सकाळी सर्व्हर आपोआप अपडेट झाला, बंद होऊन पुन्हा सुरू झाला, आणि तेव्हापासून आई कुठलंही बटण दाबो, काही होत नाही. स्वयंपाकघरातला स्पीकर गप्प, माझ्या फोनवर निरोप नाही. स्क्रीनवर मात्र ही लांबलचक लाल पट्टी: "हे प्लगइन बंद करण्यात आलं आहे. या आवृत्तीवर ते चालणार नाही." तिच्याखाली चौदा पॅकेजांची नावं आणि प्रत्येकासमोर फुली.

चौदा! मला एकाचंही नाव वाचता येत नाही. नुसती अक्षरं आणि आकडे, गाडीच्या नंबरसारखे.

तू एकदा समजावलं होतंस खरं. सर्व्हर विकत घेतला की येतो तो उघडाबोडका, जास्तीची हत्यारं बाहेरून आणून बसवावी लागतात. त्या हत्यारांना पॅकेज म्हणायचं, आणि ती आणून बसवणारा गडी म्हणजे प्लगइन. मी भांडी घासत होते आणि "हो हो" म्हणत होते. आता गडी पळालाय आणि हत्यारंही घेऊन गेलाय. दुसरा गडी कुठे मिळतो? की ती चौदा हत्यारं मी एकेक आणून बसवायची? कुठून आणायची? कुठे ठेवायची?

आईची परिस्थिती तुला ठाऊक आहे. झटका आला त्याला अडीच वर्षं होतील. उजवी बाजू तशीच, वाचा तशीच. सगळं समजतं, एक शब्द बाहेर पडत नाही. जिने बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून अख्ख्या शहराला बोलतं केलं, तिच्याजवळ आता डाव्या हाताखाली अकरा बटणं आहेत. पाणी, दुखतंय, कूस बदल, खिडकी, दिवा, टीव्ही बंद, हो, नको, थांब, आवाज कमी, ताई. कालपासून तेवढीही नाहीत.

मी चष्म्याच्या कारखान्यात नऊ ते सहा काचा घासते. मावशी दिवसभर बाहेरच्या खोलीत विणत बसतात, त्यांना स्पीकरमधून आवाज आला तरच कळतं. मला तुझं येणं नकोय, नुसतं सांग काय करायचं. एका कागदावर लिही आणि पाठव. तेवढं तुला जमेल.

ताई


९ फेब्रुवारी, सोमवार

बारक्या,

उत्तर नाही. ठीक आहे, टपालाला वेळ लागतो असं समजते.

गेल्या आठवड्यात मी काय काय केलं ते ऐक. रोज सकाळी आईचं आवरून झाल्यावर कपाटासमोर फरशीवर बसते, मांडीवर तुझा जुना कीबोर्ड. पहिल्या दिवशी आवाज वाजवणारं पॅकेज शोधून काढलं. बसवायला गेले तर म्हणे, "मला अमुक एक लायब्ररी लागते." ती आणली. ती म्हणे, "मला तमुक लागते." तमुक आणली तर ती फार नवीन, तिची जुनी बहीण पाहिजे. एका पाहुण्याला जेवायला बोलवावं आणि त्याने मेहुण्याशिवाय येणार नाही म्हणावं, मेहुण्याने शेजाऱ्याशिवाय, असं चाललं होतं. तीन सकाळी गेल्या. कारखान्यात दोनदा उशीर झाला, मालक घड्याळाकडे बघून खोकले.

गुरुवारी सगळे पाहुणे जमले. आईला म्हटलं, दाब. तिने 'पाणी' दाबलं, आणि स्वयंपाकघरातून माझाच आवाज ओरडला, "पाणी!" मी इतकी धावले की पाण्याचा तांब्या सांडला. आई हसली. अर्ध्या तोंडाने हसते, तू बघितलंयस.

मग मला शहाणपण सुचलं. म्हटलं, एकदा बंद करून सुरू करून बघू, नीट बसलंय ना. सुरू केलं तर सगळं साफ! एक पॅकेज शिल्लक नाही. जणू मी तीन दिवस पाण्यावर लिहीत होते. नंतर वाचल्यावर कळलं, तुझी ही पेटी सगळा संसार एका पेनड्राइव्हवरून दर वेळी नव्याने मेमरीत उतरवते. वरून बसवलेलं काहीही पुन्हा सुरू केलं की पुसलं जातं. ते प्लगइन दर वेळी चौदाही पॅकेजं मुकाट्याने परत बसवत होतं. हे तू मला का सांगितलं नाहीस? असली विस्मरणाची पेटी आईच्या उशाशी बांधायची बुद्धी तुला कशी झाली?

आता मूळ गोष्ट. शुक्रवारी आईला ताप भरला. मी कारखान्यात. सकाळपासून ती 'दुखतंय' दाबत होती. मावशी दर तासाला डोकावल्या, त्यांनी बघितलं, बटण दाबतेय, दाबतेय. त्यांना वाटलं, बिघडलेलं आहे तरी चाळा करतेय. त्यांचा दोष नाही, मीच त्यांना सांगितलं होतं की बटणांकडे लक्ष देऊ नका. मी सहा वाजता घरी आले तेव्हा अंग चटके बसावेत इतकं तापलेलं आणि बोट अजून त्या बटणावर. लघवीच्या जागी संसर्ग झालाय. डॉक्टर म्हणाले, "हे सकाळी कळायला हवं होतं." त्यांना काय सांगणार, प्लगइन बंद झालं म्हणून?

इंजेक्शनं चालू आहेत. ताप उतरतोय. मी चित्रांचे पत्ते करून दिले होते, पाण्याचा पेला, उशी, खिडकी, तर तिने ते एकेक करून पलंगाखाली टाकले. तिला दाखवायचं नाहीये, तिला बोलायचंय.

तू हे वाचत असशील तर तुला निदान झोप लागू नये एवढीच इच्छा.

ताई


१५ फेब्रुवारी, रविवार

बारक्या,

दोन पत्रं गेली. तुझ्याकडून अवाक्षर नाही. तरी लिहितेय, कारण हे सगळं ज्याला समजेल असा माणूस माझ्या ओळखीत दुसरा नाही. मावशींना मी काल "डिपेंडन्सी", म्हणजे ती पाहुण्या-मेहुण्यांची साखळी, असं म्हणाले तर त्यांनी मला लिंबाचं सरबत करून दिलं.

आई बरी आहे. ताप गेला. अंगात शक्ती नाही, पण डोळे तेच, सगळ्यांच्या चुका काढणारे.

एक खोटं दुरुस्त करायचंय. सर्व्हर आपोआप अपडेट झाला नाही. मी केला. दोन तारखेला, सोमवारी सकाळी, कामावर निघायच्या आधी, पायात चप्पल घालता घालता. आणि ती लाल पट्टीही त्या दिवशी पहिल्यांदा आलेली नव्हती. आठ महिने येत होती. तेव्हा तिच्यावर लिहिलेलं असायचं, "हे प्लगइन लवकरच बंद होणार आहे, अपडेट करण्यापूर्वी पर्याय शोधा." मी दर वेळी कोपऱ्यातली फुली दाबून ती घालवायचे.

मग अपडेट का केला? कारण पान उघडलं की वर तुझं नाव यायचं. 'स्वागत आहे' आणि पुढे तू. माझ्या घरात, रोज, तुझं स्वागत. मला माझ्या नावाचं खातं उघडायचं होतं आणि तुझं काढून टाकायचं होतं. ते म्हणालं, आधी अपडेट करा. मी केलं. आता झालं समाधान? तुझं नाव अजून तिथेच आहे.

प्लगइन करणाऱ्या माणसाचा निरोपही शोधून वाचला. म्हटलं बघू तरी, कोण हा बेजबाबदार प्राणी. निरोप दोन वर्षांपूर्वीचा आहे. त्याने लिहिलंय: "सहा वर्षं मी हे फुकट सांभाळलं. रोज तक्रारी येतात, आभाराचं पत्र वर्षात एखादं. आता मला वेळ नाही आणि खरं सांगायचं तर इच्छाही नाही. कुणाला पुढे चालवायचं असेल तर सगळं इथे ठेवलंय, घ्या." खाली शंभरेक लोकांनी त्याला शिव्या घातल्यात. मीही घालणार होते, बोटं टेकवली होती. मग मला वाटलं, ह्याच्या जागी मी असते तर निरोप तरी लिहिला असता का. तशीच उठले आणि आईची कूस बदलली.

नंतर तिथेच एक प्रश्न टाकला, साध्या भाषेत. म्हटलं, मी चष्म्याच्या काचा घासते, मला यातलं काही कळत नाही, माझ्या आईची वाचा या पेटीत अडकलीय. लोक भराभरा बोलले. एकाने म्हटलं, हे सगळं फेकून नवीन पद्धत घाला. दुसऱ्याने पहिल्याला मूर्ख म्हटलं. तिसऱ्याने विचारलं, मुळात तुम्ही अपडेट केलंच कशाला. अरे बाबांनो! दोन दिवस त्यांचं भांडण वाचत बसले.

मग एकजण आला, स्वतःला 'जुना खिळा' म्हणवतो. छापखान्यातली यंत्रं दुरुस्त करायचा म्हणे, आता निवृत्त. त्याने तीन ओळी लिहिल्या. पेनड्राइव्हवर 'एक्स्ट्रा' नावाचा एक फोल्डर असतो. त्यात पॅकेजच्या फायली ठेवल्या तर सर्व्हर दर वेळी सुरू होताना त्या आपणहून बसवतो, कुठल्याच प्लगइनची गरज नाही. फक्त आवृत्ती जुळली पाहिजे, आणि फोल्डरमध्ये गरजेपेक्षा एकही जास्त फाइल नको. तीन ओळी! दोन आठवडे मी फरशीवर बसून गुडघे मोडून घेतले आणि उत्तर तीन ओळींचं होतं.

"ताई, घाई करू नका," असंही लिहिलंय त्याने. "एक ठेवा, बंद करून सुरू करा, बघा. मग दुसरं." त्याला काय माहीत मी कुणाची तरी ताई आहे ते. पण बरं वाटलं.

ताई


२२ फेब्रुवारी, रविवार

बारक्या,

आवाज आला. आणि बंद करून सुरू केल्यावरही राहिला. बुधवारी सकाळी सहा वेळा बंद केला, सहा वेळा सुरू केला, आणि सहाही वेळा आईने 'हो' दाबलं. सहाव्यांदा तिने 'टीव्ही बंद' दाबलं. टीव्ही चालू नव्हता. ते माझ्यासाठी होतं.

माझ्या फोनवर निरोप मात्र अजून येत नाही. ते कुठल्या पॅकेजमुळे अडलंय ते कळेना. खिळा म्हणाला, बटणांचा प्रोग्रॅम स्वतःची नोंदवही ठेवत असणार, ती उघडा, तो कशासाठी अडतोय ते त्यात लिहिलेलं असेल.

आज दुपारी ती नोंदवही उघडली.

आता हे लिहिताना मी तिसऱ्यांदा पेन खाली ठेवून उचललंय. पहिल्या पत्रात मी लिहिलं, आईजवळ अकरा बटणं आहेत. वाचताना तुझ्या लक्षात आलं असेल. बारा आहेत. ती पेटी तूच केलीस, तुला काय सांगायचं. अकरांवर माझा आवाज आणि बारावं लाल, कोपऱ्यातलं, त्यावर तुझा. ते दाबलं की स्वयंपाकघरातून तू ओरडायचास, "आलो गं आई!" आणि तू घरात असायचास तेव्हा खरंच यायचास.

तू गेलास त्या दिवशी दारात मी तुला काय म्हणाले ते मला पाठ आहे, तुलाही असेल. "आईला दुखलं-खुपलं ते मी बघते, तू आपला वायरींशी बोल. जातोस तर जा, आणि परत येऊ नकोस." तू बॅग उचललीस. आई आत होती, तिला सगळं ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवसापासून तिने बारावं बटण दाबायला सुरुवात केली. "आलो गं आई!" तिची मान दाराकडे वळायची. कुणी नाही. पुन्हा दाबायची. "आलो गं आई!" पुन्हा मान. दिवसाला चाळीस वेळा, पन्नास वेळा. मी काचेवरची धूळ अंगावर घेऊन घरी यायचे आणि दार उघडण्याआधी तुझा आवाज ऐकू यायचा, इतका आनंदी, इतका खोटा. तीन आठवडे मी ते सोसलं. मग एका सकाळी तुझी आवाजाची फाइल शोधली आणि काढून टाकली. कायमची. मला तेवढं एकच काम त्या सर्व्हरवर येत होतं.

आईला सांगितलं, "ते बटण बिघडलं." तिने माझ्याकडे बघितलं. पुढे मी कधी तिला ते दाबताना पाहिलं नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाई महिन्यातून एकदा येतात, त्यांनी विचारलं, "मुलाची आठवण काढतात का?" मी म्हणाले, नाही, विसरल्यात.

नोंदवही फोटोंबरोबर डिस्कवर असते म्हणून पुसली जात नाही, आणि तिच्यात प्रत्येक बटणाची वेळ असते. तारीख, तास, मिनिट, बटणाचा नंबर, आणि पुढे 'वाजवलं'. बाराव्यासमोर मात्र लिहिलेलं असतं, 'फाइल सापडली नाही'. मला वाटलं अशा दहा-वीस ओळी असतील. खिळ्याने मोजायची युक्ती शिकवली होती, ती वापरली. दोन हजार तीनशे सत्तेचाळीस. चौदा महिने. मी कामावर निघाले की दहा मिनिटांत पहिली ओळ. मावशी बाहेरच्या खोलीत बसल्या की पुन्हा. मी घरात असताना जवळजवळ नाहीच. ती माझ्यापासून लपवत होती, बारक्या. अंथरुणात पडून, एका हाताने, माझ्यापासून लपवून ती तुला हाका मारत होती आणि पेटी लिहून ठेवत होती की सापडला नाही.

प्लगइन गेल्यापासून आवाज परत येईपर्यंतची पानं जवळजवळ कोरी आहेत. त्याआधीची शेवटची ओळ दोन फेब्रुवारीची, सकाळी आठ वाजून अकरा मिनिटं. मी तेव्हा चप्पल घालून, कपाटापाशी वाकून अपडेटवर बोट ठेवत होते. आमच्या दोघींत एक भिंत होती.

आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. तिच्या खोलीत जायचं धैर्य होत नाहीये, पण कूस बदलायची वेळ झालीय.

ताई


१४ मार्च, शनिवार

बारक्या,

तुझं पाकीट मंगळवारी आलं. मी पाकीट उघडण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन हात धुतले, खुर्ची ओढली, चष्मा पुसला. म्हटलं, चार पत्रांचं उत्तर आहे. आणि आत काय, तर जोडणीची माहितीपुस्तिका! "१. पेनड्राइव्ह काढ. २. सोबत पाठवलेली फाइल 'एक्स्ट्रा' मध्ये ठेव." निरोपाचं पॅकेज जुन्या आवृत्तीचं लागतं, नव्यावर तो प्रोग्रॅम चालत नाही, म्हणून ते तू छोट्या कार्डावर घालून दिलंस. छान. लावलं. पहिल्याच फटक्यात चाललं, त्याचाही मला रागच आला. काल कारखान्यात काच घासताना खिशात फोन थरथरला, "खिडकी". मावशींना फोन केला, त्यांनी खिडकी उघडली. मालक खोकले नाहीत.

पण तुझी पाचवी ओळ! "चौदांपैकी अकरा पॅकेजं मी नुसती करून बघायला टाकली होती, ती लागत नाहीत. तीनच पुरेत." मी त्या चौदांसाठी सतरा सकाळी फरशीवर घालवल्या. तीन! एकाचं काम हवामान दाखवणं होतं म्हणे. आमच्याकडे खिडकी आहे रे.

त्या पानावर मी लिहिलेल्या एकाही गोष्टीला उत्तर नव्हतं. दोन दिवस मी तो कागद फ्रिजवर चिकटवून त्याच्याशी भांडत होते. गुरुवारी काढायला गेले तेव्हा बघितलं, मागच्या बाजूला लिहिलंय. तू नेहमी असंच करतोस, मुख्य गोष्ट पाठीमागे.

"पहिली तीन पत्रं मी उघडली नव्हती. भांडण असेल म्हणून खणात टाकली. चौथं आल्यावर चारही एकदम वाचली. आईला ताप होता तेव्हा पत्र माझ्या खणात होतं. ताई, बाराव्या नंबरवर 'आलो' परत घालू नकोस. मी ते रेकॉर्ड केलं तेव्हा धरणावरच्या नोकरीचं पत्र माझ्या खिशात होतं. तुला सांगायला दोन महिने लावले. तू फाइल काढलीस ते चूक, पण त्यात होतं ते खोटंच होतं. तिथे काय ठेवायचं ते मला सुचत नाही. आईला विचार."

आईला विचार! मी तीन आठवडे आईला काही विचारायचं टाळत होते.

आज सकाळी सुट्टी होती. आईचं अंग पुसलं, केस विंचरले, मान उशीला टेकवून बसवली. मग तिच्यासमोर खुर्ची घेतली आणि तुझं पत्र वाचून दाखवलं. आधी मागची बाजू. मग माझ्या बाजूचं सगळं सांगितलं: फाइल मीच काढली, बटण बिघडलं नव्हतं, नोंदवही मी वाचली, किती वेळा ते मला माहीत आहे. आकडाही सांगितला. ती ऐकत होती. चेहरा असा की एक्स्चेंजमध्ये कुणीतरी चुकीचा नंबर मागतंय आणि ही वाट बघतेय, ह्याचं कधी संपतंय.

माझं संपलं. मला वाटलं ती 'नको' दाबेल, किंवा 'थांब'. तिचा हात बटणांकडे गेलाच नाही. तिने तोंड उघडलं, गळ्यात काहीतरी घरंगळलं, आणि आई म्हणाली, "गाढव."

तोंडाने. स्वच्छ. ग ला ग, ढ ला ढ. अडीच वर्षांत पहिला शब्द.

मी खुर्चीवरून उठलेच. मावशी विणकाम टाकून धावत आल्या. म्हणाल्या, "कोण आलं?" आई स्वतःच इतकी दचकली होती की दोन मिनिटं तोंड मिटायलाच विसरली. मग तिने पुन्हा प्रयत्न केला, नाही आला. पाणी म्हणायला लावलं, नाही. ताई म्हणायला लावलं, नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, असं होतं कधी कधी; रागाचे शब्द ठरवून बोलावे लागत नाहीत, ते आपोआप निसटतात. फार आशा धरू नका, उद्या ती गप्पा मारायला लागणार नाही. बरं, नाही धरत.

पण मला एक गोष्ट कळेना. ती म्हणाली तेव्हा बघत होती माझ्याकडे, आणि पत्र होतं तुझं. मावशी गेल्यावर मी विचारलं, "आई, गाढव कोण? तो की मी?"

तिने बटणांवरचा हात उचलला आणि दोन बोटं वर केली.

मला तिने तोंडावर सांगितलंय. तुझ्या वाट्याचं तू इथे येऊन ऐकून घे. रजा टाक, आणि येण्याआधी फोन कर. मी उचलेन.

ताई